घरी विचारून ये

माहितीपुस्तिकांच्या गठ्ठ्यावर डावा पंजा ठेवायचा, समोरच्या मुलीकडे चष्म्याच्या वरून पाहायचं आणि म्हणायचं, "पहिले घरी विचारून ये." आमच्या अभ्यासकेंद्रातल्या चाचांची ही पद्धत होती. मुलगी पावसात भिजत, दोन गाड्या बदलून आलेली असली तरी पंजा हलायचा नाही.

दुकानदारानेच गिऱ्हाईक परत पाठवावं असा हा प्रकार होता, आणि मला त्याचा राग यायचा. मी गडचिरोलीच्या कॉलेजात शिकवतो. दर रविवारी धानोऱ्याला जाऊन मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची संपर्कसत्रं घ्यायचो. वरून सारखी विचारणा असायची की प्रवेश किती झाले, मागच्या वर्षीपेक्षा कमी का झाले. आणि इकडे आमचे केंद्र सहायक आलेल्या मुलीला चहा पाजून घरी परत पाठवत होते. केंद्राचे संयोजक कपाळावर हात मारून घ्यायचे. चाचा म्हणायचे, "सर, नाव टाकाले एक मिनिट लागते. टिकवाले तीन साल लागते."

चाचांचं घराणं पेट्या करणारं. धानोऱ्याच्या बाजारात त्यांच्या भावाचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं आणि चाचांची उमर त्यातच गेली. पत्रा ठोकता ठोकता त्यांनी बाहेरून बी.ए. केलं. किती वर्षांत केलं ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "पास झालो ना? मंग सालं काय मोजता." ठोकाठोकीने एका कानाने कमी ऐकू यायचं. नको असलेलं बोलणं त्या कानावर घ्यायची त्यांची हातोटी होती आणि संयोजकांचं बहुतेक बोलणं त्याच बाजूला पडायचं. दाढीला मेंदी लावायचे. भर उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. का म्हणून विचारलं तर, "खिसे आहेत त्याले."

बाहेरून शिकणाऱ्यांना सल्ला देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती सांगतात, नियमित अभ्यास करा, वेळेचं नियोजन करा. चाचांचं मार्गदर्शन वेगळ्याच जागी सुरू व्हायचं. ते विचारायचे, "घरी मोबाईल किती?" एक, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न, "मिरचीले कोन जाते?"

हा प्रश्न पुण्याच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे धान निघालं की गावंच्या गावं गोदावरी ओलांडून तेलंगणात मिरची तोडायला जातात. घरातला एकुलता मोबाईल जाणाऱ्याच्या खिशातून जातो. एका बाईचा स्वाध्याय जमा करायच्या तारखेचा निरोप असाच नवऱ्याबरोबर मिरचीच्या रानात गेला. नवऱ्याला वाचता येत नव्हतं. तो परत आला तेव्हा त्याने फोन बायकोच्या हाती दिला आणि म्हणाला, पाह्य बरं, काय आलं आहे. तारीख केव्हाच गेलेली होती. तेव्हापासून चाचा प्रत्येकाला सांगायचे, "नंबर तुहा दे. तुहा नसन तं गावच्या अंगणवाडीवालीचा दे. जो मिरचीले जाते त्याचा नको देऊ."

तिसरा प्रश्न तेंदूचा. परीक्षा आणि तेंदूपानांचा हंगाम ऐन मे महिन्यात एकमेकांच्या अंगावर येतात. पहाटे जंगलात जायचं, दुपारी पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. वर्षातली रोख कमाई ती तेवढीच. अशा वेळी पेपर आहे म्हणून घरात पुस्तक उघडून बसणाऱ्या सुनेकडे कोणत्या नजरेने पाहतात हे चाचांना ठाऊक होतं. म्हणून ते आधीच ठरवून घ्यायचे. पेपरच्या दिवशी तुझ्या वाटचे पुडे कोण बांधणार, त्याचं नाव सांग.

विचारून यायचा दंडकही असाच एका प्रसंगाने पडलेला. मी यायच्या आधीची गोष्ट. एका सुनेने घरी न सांगता नाव घातलं. पुस्तकं धानाच्या ढोलीत लपवली. सासू भरडायला धान काढायला गेली आणि हाताला पुस्तक लागलं. दुसऱ्या दिवशी नवरा पिशवी घेऊन केंद्रावर आला, पुस्तकं टेबलावर ओतली आणि म्हणाला, "तुमी लोकायचे घरं मोडता काय?" ती बाई पुन्हा दिसली नाही. तिला काय भोगावं लागलं ते चाचांनी बाजारात ऐकलं होतं, पण मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "लपून शिकाचं म्हणजे चोरी नाई केली तरी मार चोराचा."

त्यानंतर त्यांनी नवी रीत काढली. मुलगी असेल तर बापाला घेऊन ये, सून असेल तर सासूला घेऊन ये. आणि खरं सांगतो, सासू आली की चाचा रंगात यायचे. एकदा येरंडीच्या काठीसारखी सुकलेली एक म्हातारी सुनेमागून आली. दारातच बसली, खुर्चीवर बसेना.

"हे शिकून का करन?" म्हातारीने विचारलं.

"बाई, तुमाले अंगठा लावाले कोन फसवते काय?" चाचा म्हणाले.

"फसवते ना. राशनवाला फसवते."

"मंग ते वाचून पाह्यन. तुमचाच फायदा."

म्हातारीने विचार केला. "आन पेपरच्या दिवशी शेण कोन काढन?"

"तुमी काढा."

"मी?"

"जलमभर काढलं ना बाई. चार दिवस अजून."

म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसली. पेपरच्या दिवशी सुनेला सोडायला तीच यायची आणि वर्गाबाहेर चिंचेखाली पान चघळत बसून राहायची. ती सून पास झाली. चाचांनी त्या म्हातारीला पेढा भरवला, सुनेला नाही. "पास हे झाली," म्हणाले.

मार्कंड्याच्या जत्रेत त्यांच्या भावाचं पेट्यांचं दुकान लागायचं. महाशिवरात्रीच्या रविवारी संपर्कसत्राला चिटपाखरू फिरकत नसे, कारण सगळे विद्यार्थी वैनगंगेच्या पात्रात असत. चाचा म्हणाले, विद्यार्थी जिथी आहेत तिथी जाऊ. त्यांनी माहितीपुस्तिका जत्रेत नेल्या आणि पेट्यांच्या शेजारी मांडल्या. पेटी घेणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचे, घरात बारावी झालेलं कोण आहे? देवळाच्या आवारात शंख वाजतायत, बाहेर पत्र्यावर ऊन चमकतंय आणि मेंदीच्या दाढीचा हा माणूस बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी परीक्षा म्हणजे काय ते ओरडून सांगतोय. मी तिथे उभा राहून पोटभर हसलो होतो. ते दिवस चांगले होते.

ललिता आली ती अशाच बहराच्या काळात. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, चालू होते. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, आश्रमशाळेत बारावी झालेली. पोटऱ्यांवर धानाच्या बांधीतला चिखल वाळलेला होता. ती रोवण्यातून तशीच निघून आली होती. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"घरी विचारलं?" चाचांचा पंजा गठ्ठ्यावर.

"विचाराचं काय आहे, चाचा? पैसे माहे आहेत. मोहफुलं मीच येचले. अभ्यास मीच करीन."

"घर तुह्या एकटीचं आहे काय?"

"विचारलं तं नाई म्हणतीन."

"नाई म्हणले तं मले सांग. मी येतो समजवाले. पण लपून नाई, बेटा. लपून लई वाईट होते."

पुस्तिका तिने हातात धरली होती, ती परत गठ्ठ्यावर ठेवली. नीट, कडा जुळवून. "बरं," म्हणाली आणि गेली.

मुदत संपेपर्यंत ती आली नाही. चाचा दोनतीनदा म्हणाले, त्या पोरीच्या गावी जाऊन याचं आहे. पण प्रवेशाची धावपळ होती, नाल्याला पूर होता, आणि परत न येणाऱ्या मुली काही नवीन नव्हत्या. जाणं झालं नाही.

धान कापणीनंतर ललिताची आई बाजाराच्या दिवशी पेट्यांच्या दुकानावर आली. तिला कुलपाची कडी दुरुस्त करायची होती. चाचांनी ओळख काढली आणि ललिता कशी आहे विचारलं.

"लगन झालं तिचं," आई म्हणाली. "तुमी सांगतलं होतं ना घरी विचार म्हणून. विचारलं तिनं जेवताना. तिचा बाप काही नाई बोलला. भाऊ म्हणे, पोरीच्या डोक्यात भलतं येऊन राह्यलं, उरकून टाका. मिरचीले जाते तं त्याची ओळख होती तिकडे, सिरोंच्याच्या बाजूले. तिथी देली."

बाईच्या बोलण्यात राग नव्हता. तिने कडी दुरुस्त करून घेतली आणि निघून गेली. हे सगळं चाचांनीच मला पुढच्या रविवारी सांगितलं. सांगताना ते पत्र्याचा एक तुकडा विनाकारण वाकवत होते आणि सरळ करत होते.

मी म्हणालो, "तुमचा काय दोष? लग्न तर होणारच होतं कधीतरी."

"सर, तिनं नाव टाकून देलं असतं तं एक साल तरी कोनाले समजलं नसतं. एका सालात काय काय होते." पत्रा पुन्हा वाकवून म्हणाले, "मी नाई म्हणून हाकलून देलं असतं, तरी ते वाचली असती. मी विचार म्हणालो."

त्यानंतर चाचांचा पंजा गठ्ठ्यावरून उठला. कोणी आलं की ते पुस्तिका पुढे करायचे, कागदपत्रं सांगायचे, संगणकावर नोंदणी करून द्यायचे. घरी कोण आहे, मिरचीला कोण जातं, काही विचारायचे नाहीत. त्या वर्षी प्रवेश भरपूर झाले. संयोजक खूश होते. परीक्षेला मात्र बाक रिकामे राहिले आणि त्या रिकाम्या बाकांकडे चाचा बघत नसत. मला त्यांची फार कीव यायची. माणसाची आयुष्यभराची शहाणीव एका पोरीने, तीही काही न बोलता, त्याच्या हातातून काढून घेतली होती, आणि दुसरी शहाणीव आणायची कुठून?

तीनचार वर्षांनी मला सिरोंच्याला परीक्षेची ड्युटी लागली तेव्हा चाचा म्हणाले, मी येतो. कशाला ते मी विचारलं नाही. निघायच्या दिवशी बसस्टँडवर आले तर काखेत एक लहान पेटी. स्वतः केलेली, निळ्या रंगाची, पुस्तकं मावतील एवढी. आत माहितीपुस्तिका होती. आलापल्ली, अहेरी करत, जंगलातल्या खड्ड्यांतून दिवसभर बस चालली. चाचांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. वाटेत एकदाच बोलले. "सासूशी बोलतो. सासूशी बोललो म्हणजे होते."

ललिताच्या सासरचं गाव गोदावरीच्या काठालाच होतं. भिंतीवर जाळी वाळत होती. ललिता कडेवर मूल घेऊन दारात आली. तिने चाचांना ओळखलं आणि मुलाला कडेवरून उतरवून डोक्यावर पदर घेतला. तिच्यामागून सासू आली. अंगाने भक्कम, हसतमुख बाई. तिने पडवीत खाट टाकली आणि म्हणाली, "कूर्चोंडी."

"बसा म्हणते," ललिता म्हणाली.

चाचा बसले. घसा साफ केला. "बाई," त्यांनी सुरुवात केली, "तुमची सून हुशार आहे..." आणि थांबले. सासू हसून त्यांच्याकडे बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. सबंध तालुक्यातल्या सासवा ज्याने चहावर वळवल्या, त्या माणसाजवळ तेलुगूचा एक शब्द नव्हता. इतक्या लांबच्या बसमध्ये हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी ललिताकडे पाहिलं. "तू सांग तिले. म्हणावं, घरीच राहून शिकते. घरचं काम सुटत नाई. पेपर सिरोंच्यालेच असते. माह्या शब्दावर सांग."

ललिता सासूकडे वळून तेलुगूत बोलली. चांगलं मोठं वाक्य बोलली. सासूचा चेहरा खुलला. ती आत गेली, ताक घेऊन आली आणि चाचांच्या हातात ग्लास देताना काहीबाही मायेने बोलली. चाचांचा चेहरा असा उजळला की मार्कंड्याच्या जत्रेनंतर मी तसा पाहिला नव्हता.

"हो म्हणते काय?"

"मी तिले सांगतलं," ललिता म्हणाली, "का हे माह्या माहेरचे आहेत, भेटाले आले."

"आन शिकाचं?"

"ते नाई सांगतलं, चाचा. मी एकदा विचारलं होतं ना."

आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मूल तिचा पदर ओढून तेलुगूत काही मागत होतं, तिने त्याला तेलुगूतच उत्तर दिलं. चाचा ताकाचा ग्लास हातात घेऊन तसेच बसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. सासूने निळी पेटी उघडून पाहिली, पुस्तिका बाजूला काढून ठेवली आणि पानसुपारी आत ठेवून पाहिली. तिला ती फार आवडली.

निघताना चाचा म्हणाले, "मी येतो म्हणालो होतो समजवाले. उशीर झाला, बेटा." त्यांनी चुलीजवळचा कोळसा घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर माझा मोबाईल नंबर लिहिला. "माहा फोन कधी चालते कधी नाई. हा सरचा आहे. हे उचलतेत." आकडे मोठे काढले, वाकडेतिकडे. मग आम्ही नदीच्या बाजूने चालत रस्त्यावर आलो.

त्या फेरीनंतर चाचा फार दिवस केंद्रावर आले नाहीत. छातीत दुखतं म्हणाले, गडचिरोलीला दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा स्वेटर घालूनच खाटेवर पडलेले होते. प्रवेश किती झाले ते विचारलं नाही, त्या मुलीचंही नाही. माझ्या बसची वेळ मात्र दोनदा विचारली. थंडी संपता संपता गेले. कब्रस्तानात माती द्यायला पेट्यांच्या दुकानातले सगळे होते, संयोजक होते, आणि भिंतीच्या बाहेर रस्त्यावर पाचसात म्हाताऱ्या उभ्या होत्या, कुणाच्या तरी सासवा. त्यांना आत यावं की नाही ते ठरवता येत नव्हतं. नंतर त्या आपापल्या वाटेने गेल्या.

केंद्रावर आता नवीन मुलगा आहे. चांगला आहे, संगणक भराभर चालवतो.

यंदा रोवणे उरकून गेले आणि एका दुपारी मी कॉलेजात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सर बोलता काय? मी ललिता. सिरोंच्याकडून. चाचा आले होते ना तुमच्यासंगं."

"बोल," मी म्हणालो.

"नाव टाकाचं आहे. घरी सांगून टाकलं मी. या खेपेले विचारलं नाई, सांगतलं."

"मग? सासू काय म्हणाली?"

"दोन दिवस बोलली नाई. आता बोलते. नवरा म्हणे पैसे नाई. म्हणलं, माहे आहेत. मोबाईलबी माहा घेतला." ती भराभर बोलत होती, पुष्कळ दिवस मनात घोळवल्यासारखी. "मुदत कवापर्यंत आहे?"

यंदाची मुदत संपून आठवडा झाला होता. मी तिला तसं सांगितलं. पलीकडे फक्त कोंबड्या ऐकू येत राहिल्या.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या साली तं पुढच्या साली. तुमी चाचाले सांगजा, सर. ते मले समजवाले येतो म्हणाले होते. म्हणावं, आता येण्याचं काम नाई. मी करून घेतलं."

चाचा गेले, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिच्या आवाजात इतका आनंद होता की माझ्याच्याने बोलवलं नाही.

"सांगतो," मी म्हणालो.